धोंडू नावाची नात

आधार कार्डावर तिचं नाव सुशीला रामनाथ भोईर. रेशन कार्डावर सुशीला, मतदार यादीत सुशीला, महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणावरही सुशीलाच. पण गोष्ट तिची आहे, तर तिला तिच्या आईने ठेवलेल्या नावानेच हाक मारू. तेवढं तरी कुणीतरी करायला हवं. धोंडूबाई.

तर या धोंडूबाईने नातीच्या पाचवीला, पूजेचा नारळ फुटायच्या आधी, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "पोरीचं नाव धोंडू ठेवायचं. पालन्यात बी तंच, कागदावर बी तंच."

मुलगा मितेश हसला. त्याला वाटलं आई मस्करी करते. छत्तीस वर्षांत आईने एकदाही मस्करी केलेली नव्हती, पण मानकोलीच्या गोडाऊनवर दिवसभर ट्रकवाल्यांशी बोलून माणसाची समज जाते. मग त्याने आईचं तोंड पाहिलं आणि हसू अर्ध्यात गिळलं. नवरा रामनाथ झोपाळ्यावर बसून तंबाखू मळत होता, तो मळतच राहिला. लग्नाला बावन्न वर्षं झाली, त्याने बायकोला 'अगं ए' याच्या पलीकडे कुठलंच नाव दिलेलं नाही. सुशीला नाही, धोंडू तर नाहीच. तेव्हा नातीचं नाव काय ठेवतात याच्याशी त्याचं काय देणंघेणं असणार.

खोलीत सून होती. पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचं पुढे येईलच.

आधी नावाचं सांगते. धोंडूबाईच्या आधी तिच्या आईला तीन पोरं झाली आणि तिन्ही बारशाच्या आत गेली. तेव्हा दिघाशीला, तिच्या माहेरी, असं झालं की पुढच्या पोराचं नाव वंगाळ ठेवत. कचरा, दगडी, धोंडी. सोन्यासारखं नाव ठेवलं की नेणाऱ्याची नजर जाते. धोंडा कोण उचलून नेतो? यमसुद्धा वजन बघतो. म्हणून चौथी आली तिचं नाव धोंडू, आणि ती जगली. अडुसष्ट वर्षं जगली, हे नावाचं काम. एवढं रोखठोक काम केलेलं नाव दुसऱ्या कुणाचं असेल तर दाखवावं.

सोळाव्या वर्षी ती या घरात आली. सासूने विचारलं, नाव काय? ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "लोक म्हनतील, भोईरांनी घरात धोंडा आनला." लग्नाच्या ताटात तांदूळ पसरले, अंगठीने सुशीला लिहिलं, झालं. त्यानंतर धोंडू राहिली ती फक्त माहेरी. आई गेली, बाप दामू गेला. धाकटा भाऊ राघो तेवढा उरला होता. दर रविवारी फोन करून विचारायचा, "धोंडूताय, जेवलीस?" गेल्या मार्गशीर्षात तोही गेला. त्याच्या तेराव्याला जेवणाच्या पंगतीत धोंडूबाईला एकदम उमगलं की आता या जगात तिला या नावाने हाक मारील असा एकही गळा उरला नाही. हातातला घास तिने परत पानात ठेवला. लोकांना वाटलं, भात कच्चा आहे.

हे तिने घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर डोळ्यांत पाणी येणार, आणि सुनेपुढे डोळ्यांत पाणी आणणं तिच्या नियमात बसत नव्हतं. त्यामुळे ती म्हणाली, "आपल्या घराण्याची रीत हाय." घराण्यात अशी रीत कधीच नव्हती. पण घरातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईने रीत म्हटलं की ती रीत होते. रिती अशाच होतात.

नाव ठेवायचं ठरलं की माणसं शहाणपण घेऊन दारात येतात. शेजारची निशा पहिली आली. ही पोरांच्या शिकवण्या घेते, त्यामुळे मोठ्यांनाही शिकवायची सवय. तिने मोबाईल काढला. "काकू, यात पाच हजार मुलींची नावं आहेत. अर्थासकट."

"धोंडू बघ."

निशाने बघितलं. "नाय दाखवत. धृती दाखवतं. धृती म्हणजे धैर्य."

"आनि पुढं?"

"ध्वनी. म्हणजे आवाज."

"तुझ्या घरातनं रोज येतो त्यो?" धोंडूबाई म्हणाली. "पाच हजार नावं ठेवलीत आनि एक बाई मरनातनं वाचली त्ये नाव ठेवायला जागा न्हाय? फेक तो फोन."

निशाने फोन फेकला नाही, पण चहा अर्धा टाकून गेली. मग भटजी आले. पंचांग बघून म्हणाले, अक्षर 'धा' येतंय, उत्तम, धारा ठेवा. धोंडूबाई म्हणाली, "ध आला ना? बास. ध-ला काना हाय का मात्रा, हे देव बघत बसत न्हाय." भटजींनी चष्मा पुसला. देव नक्की काय बघतो यावर त्यांचं मत होतं, पण तीन मजली बंगल्याच्या ओट्यावर बसून ते सांगण्याइतकं पक्कं नव्हतं.

पोरीला तेल लावायला अकलोलीकडच्या पाड्यावरून बायडी यायची. धोंडूबाईने तिला विचारलं, कारण ती बाई तोंडापुरतं बोलत नाही. बायडी पोरीचे पाय चोळत म्हणाली, "माझं नाव बायडी. बायडी म्हंजे बाई. माझ्या आयला इचार कराया येळ नव्हता, भात लावायचा होता. तुज्या आयनं इचार तरी केला."

"मंग ठेवू ना?"

"ठेव. पन हाक कोन मारनार, त्ये आधी बघ."

यातलं दुसरं वाक्य धोंडूबाईने ऐकलं नाही. आपल्याला पाहिजे ते वाक्य आलं की माणूस कान मिटतो.

आता सुनेचं. सहा वर्षांपूर्वी ती कल्याणहून आली तेव्हा मृणाली होती. बी.कॉम., बोटांना नेलपेंट, आणि धोंडूबाईच्या जिभेवर न बसणारं नाव. धोंडूबाईने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मुरनाली झालं. तिसऱ्यांदा ती सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "मोरी न्हाय, नाली न्हाय. आमच्या घरात हे नाव न्हाय चालायचं." लोक पोट धरून हसले. पोरीचा बापही हसला. वधूपित्याला हसावंच लागतं. तांदळात धोंडूबाईने जानकी लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची खीर झाली. एका थाळीत सुशीला व्हायला लागलेल्या बाईने दुसरीला दुसऱ्या थाळीत जानकी केलं. आणि तिला बरं वाटलं. आपल्याला झालेलं दुसऱ्याला झालं की ते बरोबरच होतं असं वाटायला लागतं.

तर धोंडू नावावरून ही बी.कॉम. सून घर डोक्यावर घेणार, माहेरी निघून जाणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मितेशने तर दोन दिवस मानकोलीलाच मुक्काम ठोकला. आणि सातव्या दिवशी सून बाळंतशेपा चावत शांतपणे म्हणाली, "ठेवा की आई. धोंडूच ठेवा. कागदावरपण तेच ठेवा."

शहाण्या बाईने तिथेच थांबायला हवं होतं. सहा वर्षांत जी सून मिठाच्या बरणीवरून वाद घालते, ती पोटच्या पोरीच्या नावावर हो म्हणते म्हणजे काहीतरी शिजतंय. पण जिंकलेल्या माणसाला वास येत नाही. धोंडूबाईने आळीत पेढे वाटले.

बारशाचा फ्लेक्स मितेशने नाक्यावर लावायला सांगितला. भिवंडीत पोर जन्मलं की आधी फ्लेक्सवर येतं, मग पाळण्यात. छापणाऱ्या भाविकला फोनवर नाव सांगितलं आणि तो दुसरं काही न विचारता कामाला लागला. सकाळी नाक्यावर दहा फुटी फ्लेक्स चढला: डोक्यावर मुकुट, डोळ्यांवर काळा चष्मा घातलेलं गुबगुबीत बाळ, आणि खाली 'चि. धोंडूशेठ मितेश भोईर यांचे आगमन'. समोरच्या लूमवरचे कामगार शिफ्ट सुटल्यावर रांगेने आले आणि रामनाथच्या गळ्यात पडले. "मुबारक हो चाचा, पोता हुआ!" रामनाथने सगळ्यांच्या मुबारका घेतल्या. पोता नाही, पोती आहे, असं सांगायला तोंडातला तंबाखू थुंकावा लागला असता.

पाळण्यात नाव सांगायचा मान आत्याचा. धोंडूबाईची लेक मनिषा डोंबिवलीहून आली होती. तिने वाकून पोरीच्या कानात नाव सांगितलं आणि वर आली ती पदर तोंडात कोंबूनच. पाळण्याभोवतीच्या बायकांचे खांदे हलत होते. धोंडूबाईने सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. त्या नजरेने एरवी दूध नासतं, पण त्या दिवशी कुणाचं हसू थांबलं नाही. एकटी सून हसली नाही. तिने वाकून पाळण्याची दोरी नीट केली आणि विचारलं, "आई, जन्माच्या दाखल्यावर नाव कधी चढेल?"

दाखला तीन महिन्यांनी आला. नाव: धोंडू. लिंग: पुरुष.

नोंदणीच्या ऑफिसातल्या बाबूने हॉस्पिटलच्या कागदावर 'मुलगी' आणि फॉर्मवर 'धोंडू' बघितलं आणि हॉस्पिटलची चूक स्वतःहून दुरुस्त केली. न सांगता, हेलपाटे घालायला न लावता केलेलं एवढं एकच काम, आणि तेही उलटं. धोंडूबाई स्वतः गेली. नातीला खांद्यावर टाकून, रामनाथला मागे घालून.

"पोरीचं नाव हाय ह्ये," ती म्हणाली.

बाबू तिच्याकडे न बघता म्हणाला, "धोंडू हे पुरुषाचं नाव असतं, मावशी."

"कुनी सांगितलं?"

"माझ्या आजोबांचं होतं."

"तुझ्या आजोबाच्या आधी माझं होतं."

"तुमचं? आधार दाखवा." धोंडूबाईने आधार दाखवलं. बाबूने वाचलं, "सुशीला." आणि कार्ड असं परत सरकवलं, जणू तिला चोरी करताना पकडलंय. "धोंडू नावाची बाई असते याचा काहीतरी कागद आणा. नायतर मग प्रतिज्ञापत्र करा. आणि हे काय? आईचं नाव इथे मृणाली, लग्नाच्या दाखल्यावर जानकी. पोरीला आया दोन आहेत का?"

मागून रामनाथ पहिल्यांदा बोलला. "अगं ए," तो म्हणाला, "चल घरी."

बाबूने पेन उचललं. "बाबा, यांचं खरं नाव काय हो? तुम्हीच सांगा. नवऱ्याचा जबाब चालतो." रामनाथने बायकोकडे बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कपाळावर घाम आला. बावन्न वर्षांची सवय एका टेबलासमोर कशी मोडणार? शेवटी तो म्हणाला, "मितेशची आय." बाबूने पेन खाली ठेवलं.

घरी येऊन धोंडूबाई जेवली नाही. तेव्हा वाट कुणी दाखवली? सुनेनेच. भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, तुम्ही दिघाशीच्या शाळेत होतात ना? तिथल्या रजिस्टरमध्ये तुमचं जुनं नाव असेल. तो दाखला चालेल. मी अर्ज लिहून देते." आणि लिहून दिला, सुंदर अक्षरात. धोंडूबाईला त्या दिवशी सून पहिल्यांदा आवडली. एवढं शिक्षण अगदीच वाया नाही गेलं, असं तिने बायडीला सांगितलंसुद्धा.

दिघाशीला हेडमास्तरांनी कपाट उघडलं. जुन्या वह्यांना कसर लागली होती. दोन तास वह्या उलटल्यावर मास्तरांचं बोट एका ओळीवर थांबलं. धोंडूबाईला वाचायला त्रास होतो, तिने म्हटलं, मोठ्यानं वाचा. मास्तरांनी वाचलं, "धोंडू दामू केणे. जात, गाव... इयत्ता दुसरी. शाळा सोडल्याचं कारण: भाऊ सांभाळणे."

"राघो," धोंडूबाई म्हणाली.

"काय म्हणालात?"

"काय न्हाय. शिक्का मारा."

तिने त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी तिचं नाव शाईने लिहिलं होतं आणि ते तसंच होतं. तांदळातलं दुसऱ्या दिवशी खिरीत जातं, शाईतलं राहतं. येताना रिक्षात तिने तो दाखला ब्लाउजच्या आत ठेवला, घामाने भिजू नये म्हणून रुमालात गुंडाळून.

तो दाखला, वर प्रतिज्ञापत्र, वर दोन साक्षीदार, असं करत नात आठ महिन्यांची झाल्यावर पक्का कागद हातात आला. नाव: धोंडू. लिंग: स्त्री. तोवर घरात सगळे तिला चिमणी म्हणत होते, तिची आईसुद्धा. संध्याकाळी मितेशने कागद आईपुढे ठेवला. सुनेने तो उचलला, नीट वाचला, शिक्का उजेडात धरून बघितला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. कुलूप लावलं. आणि रांगत उंबऱ्याकडे निघालेल्या पोरीकडे वळून, पार नाक्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"धोंडे! आख्खं घर तुझ्या बापाचं हाय का गं?"

धोंडूबाई चहा पीत होती. कप तसाच राहिला.

त्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी सहाला, "धोंडे, किती गिळशील? बाकीच्यांना ठेव." नऊला, "धोंडे, तोंड मिट, दिवसभर चालूच!" दुपारी, जरा डोळा लागतो न लागतो तोच, "धोंडे, लाज हाय का काय, सगळ्यांसमोर पसरलीस ती?" पोर बिचारी आईच्या तोंडाकडे बघून खिदळायची. तिला वाटायचं, लाडाचं बोलणं आहे. बाकी घराला माहीत होतं. धोंडूबाईला सगळ्यात जास्त माहीत होतं, कारण त्यातली वाक्यं तिचीच होती. सहा वर्षं एकेक करून तिनेच त्या सुनेला दिलेली. सुनेने त्यातलं एकही हरवलेलं नव्हतं. हे बी.कॉम. म्हणजे नक्की काय शिकवतात, ते तिला तेव्हा कळलं.

निशा रोज चार वाजता कुंपणाशी येऊन उभी राहायची. कपडे वाळत घालायला, म्हणायची. चार वाजता कोण कपडे वाळत घालतं?

धोंडूबाईने मितेशला पकडलं. "तुझी बायको मला शिव्या देते."

मितेशने आजूबाजूला बघितलं. "आई, ती पोरीला बोलते."

"नाव घेऊन!"

"पोरीचंच नाव घेते ना? तुझं नाव सुशीला आहे. आधारवर बघ." आणि बाईकची चावी फिरवत तो मानकोलीला पळाला.

सासूचं नाव सुनेने घ्यायचं नाही, ही खरोखरच घराण्याची रीत होती. ती मोडली म्हणून पंचायत बसवता आली असती. पण सून कुठे सासूचं नाव घेत होती? सासूने मरमरून, शिक्के मारून, साक्षीदार आणून आपलं नाव तिच्या हातात दिलं होतं. बायडी तेल लावताना एकदा हळूच म्हणाली, "हाक कोन मारनार, म्हनलं होतं." धोंडूबाईने तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी परत बोलावलं, कारण घरात तिच्याशी नीट बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

नाव परत बदलायचं तर? धोंडूबाईने तेही काढलं. सून निरागस तोंड करून म्हणाली, "असं कसं आई? तुम्ही एवढ्या हौसेनं ठेवलंत. घराण्याची रीत आहे."

मग महिनाभराने एका दुपारी धोंडूबाईने जे कधी केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. आठवडाभर तिने न्हाणीघरात पाण्याचा नळ सोडून तयारी केली होती. म्रु. म्रुणा. म्रुणाली. जीभ जुनी, अडायची. पण जमलं. ती सुनेच्या खोलीच्या दारात गेली, जिथे पाचवीला उभी होती तिथेच. सून पोरीच्या दुपट्यांच्या घड्या करत होती.

"मृणाली," धोंडूबाई म्हणाली. स्वच्छ, एकही अक्षर न चुकता.

सुनेचे हात थांबले. क्षणभर तिच्या तोंडावर काहीतरी आलं, जसं कुणी खूप लांबून ओळखीचं दिसावं. धोंडूबाईने तेही बघितलं. मग ते गेलं.

"कुणाला हाक मारताय, आई?"

"तुला."

"मी जानकी." तिने घडी पुरी केली. "मृणाली त्या तांदळात गेली. दुसऱ्या दिवशी खीर केलीत ना तुम्ही? सगळ्यांनी खाल्ली. तुम्ही तर दोन वाट्या घेतल्यात."

धोंडूबाई वळली, ओटीवर आली, झोपाळ्यावर बसली. पलीकडे रामनाथ तंबाखू मळत होता.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पाण्याचा तांब्या असावा. आणि लगेच तो आवाज, चढा, चिडलेला, कामाने वैतागलेल्या बाईचा:

"धोंडे! हिकडं ये आधी!"

धोंडूबाईची आई असंच म्हणायची. राघोला घ्यायला, पाणी भरायला, शेण उचलायला. त्या नावाने प्रेमाने हाक मारणारा राघो एकटा. बाकी सगळ्यांनी ते असंच, ओरडूनच वापरलं होतं. धोंडूबाई हे विसरली होती. माणूस नाव आठवतो, आवाज विसरतो.

आणि तिला काही कळायच्या आत तिच्या तोंडून निघालं, "आले, आये." ती झोपाळ्यावरून अर्धी उठलीसुद्धा.

रामनाथचं मळणं थांबलं. कुंपणापाशी निशाच्या हातातला ओला कपडा तसाच राहिला. सून पोरीला काखेत घेऊन दारात आली होती आणि उंबऱ्यात उभी होती. धोंडूबाईला वाटलं, आता ही हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. हसणाऱ्याला उत्तर देता येतं. सून हसली नाही. ती तिच्याकडे बघत राहिली, मग खाली बघत हळू म्हणाली, "तुम्हाला नव्हतं म्हटलं."

"ठाऊक हाय," धोंडूबाई म्हणाली, आणि परत बसली.